सलाइनच्या हातातलं रक्त

डासराव माणसाकडे बघायचे ते आधी कोपराच्या खोबणीत, आणि मग वेळ उरलाच तर तोंडाकडे. बसमध्ये समोरच्याने वरची दांडी धरली की यांची नजर त्याच्या दंडावरून घसरत खाली यायची, आणि एखादी ठसठशीत, दोरखंडासारखी शीर दिसली की तोंडातून नकळत "वा!" निघून जायचं. या सवयीपायी एकदा बँकेच्या रांगेत एका पहिलवानाने त्यांची गचांडी धरली होती.

"काय बघतोस रे?"

"शीर," डासराव म्हणाले. आणि ते इतक्या निर्मळ कौतुकाने म्हणाले, की पहिलवानाने गचांडी सोडली आणि स्वतःच्या हाताकडे जरा नव्याने पाहिलं.

धंदा रक्त काढण्याचा. रुग्णालयात सकाळी सकाळी चाकाची ट्रॉली ढकलत, कापसाचे बोळे, रबरी पट्टा आणि रंगीत टोपणांच्या नळ्या घेऊन ते खाटांमधून हिंडायचे. त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं एक नाव होतं, पण ते हजेरीपुरतं. डास हे नाव एका आजीबाईंनी ठेवलं. राव त्यांनी स्वतःच लावून घेतलं.

आता, माणसाला एखाद्या गोष्टीचा अभिमान असावा. डासरावांना तो जरा ऐसपैस होता. ते एका टोचणीत रक्त काढत. बाकीचे लोक शिरा शोधत हातभर भोकं पाडायचे, डासराव पट्टा बांधत, दोन बोटांनी दाबून बघत, रुग्णाला "घरी कोण कोण असतं?" असं विचारत, आणि तो मुलांची नावं सांगेपर्यंत नळी भरलेली असे. "ज्या दिवशी दुसऱ्यांदा सुई लावावी लागेल," ते घरी छाती काढून म्हणायचे, "त्या दिवशी हा धंदा सोडून भाजी विकेन."

"विका," बायको म्हणायची. "भाजीवाल्याला निदान बोलायच्या आधी वजन तरी करावं लागतं."

बायकोचं त्यांच्याविषयीचं मत रुग्णालयातल्या मतापेक्षा बरंच वेगळं होतं. शर्टाचं बटण लावायचं म्हटलं तर डासरावांना सुईत दोरा ओवता येत नसे. "साऱ्या जगाच्या शिरा सापडतात," ती म्हणायची, "स्वतःचा चष्मा सापडत नाही. तो डोक्यावर आहे."

त्या वर्षी तापाच्या विषाणूची मोठी साथ आली आणि तिसऱ्या मजल्यावरचा अख्खा वॉर्ड त्याच रुग्णांनी भरून गेला. सगळे खोकणारे, सगळे नाकात ऑक्सिजनच्या नळ्या घातलेले, आणि सगळ्यांचं रक्त रोज सकाळी हवं. रोज कशाला, हे डासरावांना लॅबताईंनी समजावून सांगितलं होतं. लॅबताई म्हणजे तळमजल्यावर तपासणीच्या यंत्रांपाशी बसणाऱ्या बाई. चष्म्याच्या वरून बघायच्या आणि प्रत्येक गोष्टीला घरातलं उदाहरण द्यायच्या.

"हे बघा डासराव. घरात चोर शिरला, मालक काठी घेऊन उठला. इथवर बरोबर. पण काही मालक असे असतात की चोर पळाला तरी काठी फिरवतच राहतात. स्वतःचीच कपाटं फोडतात, स्वतःचीच भांडी फोडतात. या तापात लोक विषाणूने कमी आणि या काठीनेच जास्त मोडतात. आत किती तोडफोड चालली आहे, ते रक्तात दिसतं."

"सीआरपी."

"सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर. सीआरपी उथळ स्वभावाचा. भराभर चढणार, भराभर उतरणार. डी-डायमर चुगलखोर, आत रक्ताच्या गुठळ्या होताहेत का ते येऊन सांगणार. आणि फेरिटिन म्हणजे सासरा. आला की बसला, आणि बसला की लवकर उठत नाही."

डासरावांना हे फार आवडलं. त्यांनी ते वॉर्डात खाटेखाटेला सांगितलं, आणि बायकोला सांगताना सासऱ्याच्या जागी मामेभाऊ घातला.

वॉर्डात खिडकीशी नळकाकांची खाट होती. जन्मभर लोकांच्या घरचे नळ, टाक्या आणि तुंबलेली गटारं दुरुस्त केलेला माणूस. बोटं पान्यासारखी जाड, आवाज रिकाम्या पिंपातून आल्यासारखा. आजारी पडल्याचा त्यांना राग होता आणि पडून राहण्याची लाज. डासराव आले की त्यांना जरा हुशारी यायची, कारण दोघांचा धंदा एकच आहे असं त्यांचं ठाम मत होतं.

"या डासराव. आज किती लिटर?"

"तुमच्या टाकीत आहे किती, काका?"

"टाकी भरपूर आहे हो. लाइनच चोक झालीय."

लाइन खरोखरच चोक होती. काकांच्या शिरा बारीक, खोल आणि सरकणाऱ्या. उजव्या मनगटाजवळ सलाइनची सुई कायमची बसवलेली, त्यामुळे रक्तासाठी उरला डावा हात. तेवढ्यात डासरावांची आठवड्याची सुट्टी आली. त्या दिवशी दुसऱ्या कोणीतरी काकांच्या डाव्या हातावर शोधमोहीम चालवली, आणि तो कोपरापासून खाली काळानिळा होऊन सुजून बसला.

काकांजवळ काकू असायच्या. सकाळी थोडा वेळ आणि दुपारी थोडा वेळ त्यांना आत सोडत, बाकी वेळ त्या बाहेरच्या बाकावर बसून आत जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "खिडकीतले कसे आहेत हो?" डासरावांना तर त्या रोज विचारायच्या, कारण रिपोर्टातला आकडा उतरला तर काका घरी, एवढं गणित त्यांना पक्कं कळलं होतं. आकडा उतरत नव्हता. शंभरीच्या पुढे जाऊन मुक्काम ठोकून बसला होता.

सुट्टीनंतर डासराव कामावर आले, त्या सकाळी सिस्टरने नर्सिंगच्या शिकाऊ मुलींचा घोळका आणून नेमका काकांच्या खाटेभोवती उभा केला होता.

"नीट बघा गं. हे आपले डासराव. यांची शीर शोधायची पद्धत बघा. दोनदा टोचत नाहीत."

डासरावांनी नम्रपणे मान हलवली. नम्रपणा करताना माणूस किती फुगतो हे बघायचं असेल तर तेव्हा त्यांच्याकडे बघायला हवं होतं. त्यांनी डाव्या हाताला पट्टा बांधला आणि बोटं लावली.

काही नाही.

बोटं थोडी वर नेली, थोडी खाली आणली. हात नुसता कणकेच्या गोळ्यासारखा. त्यांनी टिचक्या मारल्या. काकांना मूठ आवळायला सांगितली. "घरी कोण कोण असतं?" असं सवयीने विचारलं, तर काका म्हणाले, "डासराव, तुम्हाला माहीत आहे की. ती बाहेर बसलीय." मुली पुढे वाकल्या. मागच्या रांगेतली एक दुसरीच्या कानाशी पुटपुटली, "सापडत नाही वाटतं."

हळूच म्हणाली होती. पण काही वाक्यं किती हळू म्हटली तरी ज्याच्यासाठी नसतात त्यालाच आधी ऐकू जातात.

डासरावांनी पट्टा सोडला आणि, जणू आधीपासून तसंच ठरलं होतं अशा थाटात, खाटेला वळसा घालून पलीकडे गेले. उजव्या हाताच्या कोपरात शीर होती. टपोरी, भरलेली, बोटाखाली उसळणारी. ती तशी का होती हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. खाली मनगटाशी सलाइन चालू होतं आणि ते पाणी त्याच शिरेतून वर चाललं होतं. या धंद्यात माणूस पहिल्या दिवशी जे शिकतो ते हेच: सलाइन चालू असलेल्या हातातून, सलाइनच्या सुईच्या वरून, रक्त घ्यायचं नाही. पाणी मिसळलेलं रक्त येतं आणि त्यात सगळंच कमी दिसतं. फारच अडलं तर सलाइन बंद करायचं, थोडा वेळ थांबायचं आणि सुईच्या खालून घ्यायचं. पण बंद करायचं म्हणजे सिस्टरला सांगायचं, सांगायचं म्हणजे थांबायचं, आणि थांबायचं म्हणजे मुलींच्या देखत नुसतं उभं राहायचं.

त्यांनी सुई लावली. एकदाच. नळी भरली.

"अय्या!" मुली म्हणाल्या, आणि एकीने चक्क टाळ्या वाजवल्या.

"बघितलंत?" सिस्टर म्हणाली.

"पठ्ठ्या!" काका म्हणाले.

नळीतलं रक्त रोजच्यापेक्षा जरा फिकं होतं. डासरावांनी नळी स्टँडमध्ये ठेवताना तिचा चिठ्ठी लावलेला भाग बाहेरच्या बाजूला केला.

तासा-दोन तासांनी लॅबताईंनी त्यांना हाक मारली. "खिडकीतल्या काकांचं तुम्हीच काढलं ना आज?"

"हो. का हो?"

"नाही, सगळंच उतरलंय. सीआरपी काल शंभरीपार होता, आज साठीत आला. डी-डायमर उतरला. त्याचं ठीक आहे. पण फेरिटिनही त्याच हिशेबाने खाली? सासरा एका रात्रीत उठून गेला? मोर्चा पांगावा तसे सगळे एकदम कसे पांगले?" त्यांनी चष्म्याच्या वरून बघितलं. "सलाइनच्या हातातून नाही ना घेतलं?"

इथे एक शब्द पुरला असता. डासरावांकडे दोन होते.

"ताई! मी?"

लॅबताई ओशाळल्या. "छे हो, तुम्ही नाही. दुसरा कोणी असता तर मी परतच मागवलं असतं." आणि त्यांनी रिपोर्ट वर पाठवून दिला.

डासराव जिन्यात आले आणि कठड्याला धरून उभे राहिले. खोटं बोलायला त्यांना काहीच बोलावं लागलं नव्हतं. नुसतं स्वतःकडे बोट दाखवलं, आणि वीस वर्षांच्या चांगल्या कामाने त्यांच्या वतीने खोटी साक्ष दिली.

दुपारच्या आत बातमी वॉर्डभर झाली. मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या, रिपोर्ट बघितला, काकांच्या बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला. रात्री औषध घेतल्यापासून ताप नव्हता. बाहेर खाटेसाठी लोक ताटकळले होते. "काका, आकडा उतरायला लागला. घरी जाता का? सलाइन काढू, संध्याकाळी सोडते." काकांनी पान्यासारख्या बोटांनी डॉक्टरीणबाईंना नमस्कार केला आणि लगेच दम लागून उशीवर टेकले. आनंदाने लागला, असं सगळ्यांनी धरलं.

डासराव तेवढ्यात दारातून चालले होते. म्हणजे खरं तर पळत होते, पण ट्रॉलीमुळे ते दिसत नव्हतं. काकूंनी त्यांना गाठलं.

"अहो, ऐकलंत का? उतरला हो आकडा!" त्यांनी डासरावांचा हात धरला, तोच, सुईचा. "तुमच्या हाताला यश आहे. तुमचं भलं होईल. तुमच्या बायकोचं भलं होईल. मुलाबाळांचं... आहेत ना?"

"एक मुलगी आहे."

"तिचं चांगलं होईल. या हाताला कधी काही कमी पडायचं नाही."

आशीर्वाद देणाऱ्या बाईला मध्येच थांबवता येत नाही. डासराव मान खाली घालून उभे राहिले आणि काकूंना तो विनय वाटला.

कँटीनमध्ये त्यांनी चहा घेतला आणि त्यावर साय येईपर्यंत त्याच्याकडे बघत बसले. मनात वकील उभा राहिला. आकडा खरंच थोडा उतरला असेल. ताप नव्हता, हे डॉक्टरीणबाईच म्हणाल्या. एका रिपोर्टवर का कोणाला घरी सोडतात? त्या शिकलेल्या बाई, त्यांनी सगळं बघितलं असेलच. आणि घरी जाऊन काका चांगले होतील, माणूस घरी चांगला होतोच. वकील फार हुशार होता. त्याला फक्त एका गोष्टीचं उत्तर देता येईना. दाराजवळच्या खाटेवरचा एक शिंपी मागच्या आठवड्यात असाच बरा वाटला म्हणून घरी गेला होता. जाताना डासरावांना म्हणाला होता, शर्ट शिवून देतो, माप द्यायला या. तो परत आला तो स्ट्रेचरवर, आणि कोणाशी बोलला नाही. त्यात कोणाची चूक नव्हती. आजारच तसा होता. इथे मात्र चूक होती, आणि ती कँटीनमध्ये चहा घेऊन बसली होती.

त्यांनी ठरवलं. परत एकदा रक्त काढायचं, गुपचूप, आणि नवा रिपोर्ट वर जाऊ द्यायचा. कोणाला काही सांगायची गरज नाही. लाज राखूनही माणूस वाचवता येतो, असं त्यांना वाटलं. लाज राखण्याबद्दल माणसं किती आशावादी असतात!

काकांचं सलाइन आणि नाकातली नळी काढली होती. ते घरचा शर्ट घालून, कपडे भरलेली पिशवी पायाशी घेऊन बसले होते. शर्टाची बटणं खालीवर लागली होती.

"काका, जरा हात द्या."

"आता कशाला?"

"जाताना घेतात. नेहमीचंच."

"रिपोर्ट तर आला की!"

"हो, पण एकदा..."

"अहो," काका अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले, "डासराव दोनदा टोचायला आलेत! आता बोला!"

शेजारच्या खाटेवरचा खप्पड गालांचा टायपिस्ट उठून बसला. "काय डासराव, काकांची चटक लागली वाटतं?"

"जाऊ दे, घरी कुणी देत नसेल," पलीकडून कोणीतरी म्हणालं, आणि वॉर्ड हसला आणि मग वॉर्ड खोकला.

डासराव हसले नाहीत. ते स्टूल ओढून काकांच्या अगदी जवळ बसले. "काका, सकाळचं रक्त मी चुकीच्या हातातून काढलं."

"म्हणजे?"

"सलाइन चालू होतं त्या हातातून. पाणी मिसळलं त्यात. तो आकडा खोटा आहे."

नळाच्या माणसाला हे समजायला वेळ लागला नाही, हीच खरी अडचण होती. "थांब थांब. म्हणजे वरून पाणी सोडलेलं, आणि तू मधूनच बाटली भरलीस?"

"हो."

"गढूळ टाकीत नळ सोडायचा, आणि बाटली उन्हात धरून म्हणायचं, बघा किती स्वच्छ!"

"हो."

"अरे शहाण्या..." काकांना बहुधा पुढे एक चांगली शिवी द्यायची होती. पण मध्ये खोकला आला. तो आला तो जाईना. पाण्याचा पंप हवा ओढतो तसा आवाज छातीतून येत राहिला. डासराव पाठीवर हात ठेवून बसले आणि त्या हाताखाली त्यांना सगळं कळत होतं. आकडा बघायची काही गरजच नव्हती.

"तिला सांगितलंस?" काकांनी दम घेत विचारलं.

"नाही."

"ती गाडी बघायला खाली गेलीय. बहिणीला फोन करून झाला, शेजारणीला करून झाला." त्यांनी डावा हात पुढे केला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. "काढ."

उजव्या हाताची शीर अजून टपोरी होती, पण तिच्याकडे बघायचीही डासरावांची हिंमत नव्हती. त्यांनी डाव्या हातावर पट्टा बांधला. पहिली सुई कोरडी गेली. दुसरी कोरडी गेली. काकांनी नुसता श्वास आत ओढला. एकही विनोद केला नाही, आणि त्या न केलेल्या विनोदांचा डासरावांना सुईपेक्षा जास्त त्रास झाला. तिसऱ्यांदा मनगटाजवळ, हाडाच्या बाजूला, बारीकशी काहीतरी बोटाखालून सरकली. गडद, काळपट लाल रक्त हळूहळू नळीत उतरलं.

"हे काय?" काकू दारात उभ्या होत्या. "गाडी आलीय. परत कशाला टोचताय त्यांना?"

डासराव उभे राहिले. बसून सांगता आलं नसतं. त्यांनी सगळं सांगितलं. फार लांबलचक नव्हतंच ते. काकूंनी ऐकलं, पिशवीकडे बघितलं, मग डासरावांकडे.

"मी मघाशी तुम्हाला किती आशीर्वाद दिले हो," त्या म्हणाल्या.

त्या रागावून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या विचार करत म्हणाल्या, जणू ते आशीर्वाद कुठे ठेवले आणि आता ते कसे परत आणायचे, हे आठवत होत्या.

नळी घेऊन डासराव स्वतः खाली गेले. लॅबताईंना सांगताना त्यांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या ओरडल्या नाहीत. "मी तुम्हाला विचारलं होतं," एवढंच म्हणाल्या, नळी हातातून घेतली आणि यंत्रात लावली. यंत्र घरघरत होतं तोवर दोघं दोन वेगवेगळ्या भिंतींकडे बघत बसले. मग आकडा आला. सीआरपी दीडशेच्या घरात. कालच्यापेक्षा वर. डी-डायमरही वर.

डॉक्टरीणबाई रिपोर्ट हातात घेऊनच आल्या. मागे सिस्टर, आणि सिस्टरच्या मागे, काय नशीब बघा, तोच शिकाऊ मुलींचा घोळका. काकांच्या नाकात पुन्हा ऑक्सिजन लावला गेला. काकू पिशवीतून चादर परत बाहेर काढत होत्या.

"सकाळचा रिपोर्ट एवढा चुकला कसा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

डासरावांनी तोंड उघडलं. पण काका आधी बोलले.

"माझ्यामुळे, मॅडम. डावा हात फार दुखत होता. मीच म्हटलं यांना, या हातातून काढा. ते नको म्हणत होते. मीच हट्ट केला. म्हातारा माणूस, काय कळतं मला!"

डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला. "काका, असं करू नये हो," त्या म्हणाल्या, आणि वळल्यासुद्धा.

संपलं होतं. काही करायची गरज नव्हती, नुसतं गप्प बसायचं. काका त्यांच्याकडे बघत नव्हते. ते छताकडे बघत होते आणि दम लागत होता, आणि त्या दमातून त्यांनी एवढं लांबलचक खोटं बोलून टाकलं होतं. डासरावांना आयुष्यात बोलणी बरीच बसली होती. बायकोची, वरिष्ठांची, रुग्णांच्या नातेवाइकांची. त्यांची सवय होती. हे मात्र सहन होईना. छातीत जेमतेम मावणारी हवा काढून कोणीतरी ती आपल्यावर खर्च केली होती.

"नाही मॅडम," ते म्हणाले.

"काय नाही?"

"काका असं काही म्हणाले नाहीत. ते खोटं बोलताहेत."

"डासराव, गप बस," काका म्हणाले.

"मग का काढलं त्या हातातून?"

आता खरा प्रश्न आला. चूक सांगणं एक वेळ सोपं असतं. चूक मोठी असली की तिच्या मागे माणसाला उभं राहता येतं. पण तिचं कारण एवढंसं, चिमुकलं, आपल्यापेक्षाही लहान असलं, तर कुठे लपायचं?

"डाव्या हातात शीर सापडेना," डासराव म्हणाले. "आणि या मुली बघत होत्या."

ज्या मुलीने सकाळी टाळ्या वाजवल्या होत्या, तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"तुमच्या लक्षात कधी आलं?"

"काढतानाच."

"म्हणजे रिपोर्ट वर आला तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"लॅबने विचारलं नाही?"

"विचारलं होतं. मी नाही म्हणालो."

डॉक्टरीणबाई थोडा वेळ रिपोर्टचा कागद सरळ करत राहिल्या. "मी यांना घरी पाठवत होते," त्या म्हणाल्या. डासरावांना नव्हे, बहुधा स्वतःलाच. मग मोठ्याने, मुलींना, "ऐकलंत ना सगळ्यांनी?" आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

पुढे लेखी खुलासा, ताकीद, वरिष्ठांसमोर उभं राहणं, हे सगळं यथासांग झालं. घरी बायकोला त्यांनी सांगितलं तेव्हा तिच्याकडे द्यायला चांगलं टोचणारं उत्तर होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. तिने ते दिलं नाही. जेवायला वाढलं. डासरावांना वाटलं, आज कोणीच मला धड बोलायला तयार नाही.

काका त्यानंतर फारच खालावले. नाकातल्या नळीच्या जागी तोंडभर मास्क आला, पालथं झोपवायला लागलं, औषधं वाढली. डासरावांनी वॉर्ड बदलून मागितला. लॅबताईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नाही. जा. रोज जा." ते रोज गेले. कधी एकदा टोचलं, कधी दोनदा, कधी सिस्टरला हाक मारून म्हणाले, "मला मिळत नाही, तुम्ही बघा." मास्कमुळे काकांना बोलता येत नसे. ते नुसता हात पुढे करत. बाकावरच्या काकू आता डासरावांना काही विचारत नसत. ट्रॉली दिसली की त्या पाय आत घेत, वाट करून देण्यापुरते.

मग आकडा उतरला. रडतखडत उतरला. आज थोडा, उद्या पुन्हा वर, परवा बराच खाली. एका सकाळी सीआरपी एवढा खाली आला की डासराव रिपोर्ट घेऊन यंत्रापाशी तसेच उभे राहिले.

"ताई, परत एकदा लावता?"

"का? कोणत्या हाताचं आहे?"

"डाव्या. सलाइन तर काढून टाकलंय परवाच. तरी पण..."

"यंत्र खोटं बोलत नाही हो डासराव," लॅबताई म्हणाल्या. मग त्यांनाच ते वाक्य कसंसं वाटलं. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि नळी परत लावली. आकडा तोच आला.

काका घरी निघाले तेव्हा निम्मे झाले होते. चाकाच्या खुर्चीत शर्ट त्यांच्याभोवती तंबूसारखा उभा होता. काकूंनी सगळ्यांचे आभार मानले. सिस्टरचे मानले, फरशी पुसणाऱ्या मावशींचे मानले, खुर्ची ढकलणाऱ्याचे मानले, शेजारच्या खाटेवर नव्याने आलेल्या एका माणसाचे मानले, ज्याने काहीच केलं नव्हतं. डासराव लिफ्टचं बटण दाबून उभे होते. खुर्ची आत गेली. काकू पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत आत गेल्या आणि समोर बघत उभ्या राहिल्या.

"अगं," काका म्हणाले, "डासराव उभे आहेत."

"दिसतात मला," काकू म्हणाल्या.

लिफ्टचं दार सरकत सरकत बंद झालं. डासराव बटणावर बोट दाबून तसेच उभे होते, त्यामुळे ते परत उघडलं. आतली तिघं समोर, बाहेर हे. डासरावांनी बोट काढलं.